आडवी बाटली आणि यादीतल्या बायका

(सकाळ. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. बायकांची रांग, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात विळा, इथनंच शेतावर जायचंय.)

हा कागद जरा नीट बघा. तळहाताएवढा आहे. यावर कुणा उमेदवाराचं नाव नाही, पक्षाचं चिन्ह नाही. दोन बाटल्या छापल्यात फक्त, एक उभी, एक आडवी. उभ्या बाटलीवर शिक्का मारला म्हणजे गावातलं दारूचं दुकान चालू राहूदे, आडवीवर मारला म्हणजे बंद करा. ज्या आजीला सही सुद्धा येत नाही तिलाही कुणाला विचारायला लागत नाही की बाई कुठं शिक्का मारू. सरकारी कागदांमधला इतका सरळ कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या आईनं हा कागद हातात घेतला तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या गावात स्टँडच्या मागं देशीचं दुकान, पत्र्याचं शेड, वर बोर्ड ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’. आणि त्या बोर्डाखालनंच हायस्कूलला जायची वाट. आम्ही मुली तिथनं जाताना ओढणी घट्ट धरून, मान खाली घालून, पळतच जायचो. सकाळी सातला तिथं माणसं उभी असायची, कामावर जायच्या आधी नव्वद मारायची आणि मग दिवसाला सुरुवात. त्यातले निम्मे आमच्याच वर्गातल्या कुणाचेतरी वडील, काका, मोठा भाऊ.

(दृश्य: कागदावर अंगठे आणि सह्या, एकाखाली एक.)

आता हे मतदान होतं कसं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं ग्रामपंचायतीनं ठराव केला की झालं दुकान बंद. तसं नाहीये. मूळ कायदा 1949 चा, मुंबई दारूबंदी कायदा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. आणि गावात नाहीतर शहरातल्या वॉर्डात मतदान घेऊन दुकान बंद करायची जी रीत आहे ती 25 मार्च 2008 च्या गृह विभागाच्या आदेशावर चालते. आधी यादीवरच्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांच्या 25 टक्के लोकांनी, सह्या करून मागणी करायची. मग अधिकारी येऊन त्या सह्या तपासतात, ही सही तुमचीच का, स्वतःहून केली का, कुणी करायला लावली का. सगळं जुळलं तर तारीख पडते आणि गुप्त मतदान होतं.

ही तपासणी ऐकायला साधी वाटते. पण विचार करा, नवरा ओट्यावर बसलाय, सासरा खाटेवर, आणि साहेब कागद पुढं धरून सुनेला विचारतोय ही सही तुझी का. आमच्या शेजारच्या वहिनीनं सगळ्यांसमोर नाही म्हणून सांगितलं. सही तिचीच होती, आमच्या ओसरीत बसून केलेली, मी बघितली होती. संध्याकाळी विहिरीवर आईपाशी येऊन रडली खूप. आई एवढंच म्हणाली, राहूदे गं, मत गुप्त असतंय, तिथं कर.

आणि आता ते गणित, ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करतेय.

समजा मागणी बायकांची आहे आणि गावाच्या मतदार यादीवर 1000 बायका आहेत. मतदानाला आल्या 600. त्यातल्या 480 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि 120 जणींनी उभ्या. दुसरी कुठलीही निवडणूक असती तर गुलाल उधळला असता, मिरवणूक निघाली असती. इथं दुकान चालू राहतं. कारण आलेल्यांच्या निम्म्याहून जास्त हा नियमच नाहीये, यादीवर जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे 501. जी बाई आलीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातं.

आता न येणाऱ्या बायका कोण असतात बघा. दिवाळीच्या आधी टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेल्या, त्या सहा महिने कारखान्यावर, कोपीत. पुण्या-मुंबईला भांडी-धुण्याच्या कामाला गेलेल्या. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, त्यांचं नाव माहेरच्या यादीत तसंच पडून. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुना. आणि ज्या वारल्या त्या पण, कारण नाव कमी करायला कुणी फॉर्मच भरलेला नसतो. गुत्तेवाल्याला या बायकांकडं जावं पण लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. त्या नुसत्या यादीत असल्या तरी त्याचं भागतं.

आमच्या गावात हेच झालं. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढं होती. मोजणी त्याच दिवशी, त्याच शाळेत झाली, बायका खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या, आणि आतनं आकडा आला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाटलं जिंकलो. मग साहेबांनी बाहेर येऊन समजावून सांगितलं, एकूण यादीच्या निम्मे होत नाहीत. कुणाला कळेचना. एक आक्का दोन-तीन वेळा विचारत राहिली, पण साहेब आमची जास्त आहेत ना? आमची जास्त आहेत ना?

(शांतता. दुकानाचं शटर वर जाताना.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शटर उघडलं.

आदल्या रात्रीचं पण सांगितलं पाहिजे. वस्तीवर जीप फिरली, घरटी पुरुषांना फुकट बाटल्या, काही घरांत साड्या. आणि सकाळी अचानक लांबच्या शेतमालकाकडं दुप्पट मजुरीचं काम निघालं, टेम्पो भरून बायका पहाटेच गेल्या. दुप्पट मजुरी कोण सोडणार, मी त्या बायकांना एका शब्दानं दोष देणार नाही.

हे सगळं इतकं अवघड असायलाच पाहिजे का, म्हणून मी दुसरीकडं काय चालतं ते वाचायला लागले. इंग्लंडमध्ये 2003 चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट आहे. तिथं दारूच्या दुकानाचं, पबचं लायसन स्थानिक काउन्सिल देतं, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी संस्था. आणि एकदा दिलं म्हणजे विषय संपला असं नाही. एकटा माणूस, शेजारी राहणारा कुणीही, काउन्सिलला अर्ज करू शकतो की या लायसनचा पुन्हा विचार करा. फी नाही. मग दुकानाच्या दारावर फिकट निळ्या कागदावर नोटीस लागते, 28 दिवस लोकांना म्हणणं मांडायला मिळतात, आणि नंतर नगरसेवकांच्या समितीपुढं उघड सुनावणी होते. दुकानदार समोर, तक्रार करणारा समोर, पोलीस पण. समिती लायसन रद्द करू शकते, तीन महिन्यांपर्यंत थांबवू शकते, नाहीतर अटी घालू शकते, की बाबा रात्री अकरानंतर विक्री नाही, कॅमेरे लाव.

मला हे खूप आवडलं, कारण आपल्याकडं एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधलं काहीच मतपत्रिकेवर नाही. आमच्या बायकांची पहिली मागणी सांगू काय होती? दुकान शाळेच्या वाटेवरनं हलवा आणि सकाळी उशिरा उघडा. एवढीच. ते ऐकून घ्यायला कुठली समितीच नव्हती.

पण तिथंही एक गोष्ट खटकली. इंग्लंडमध्ये कारण द्यावं लागतं आणि ते चारच विषयांत बसावं लागतं, गुन्हे, लोकांची सुरक्षितता, आजूबाजूला होणारा त्रास, आणि मुलांना होणारं नुकसान. माझा नवरा पगार घेऊन तिकडं जातो आणि रिकाम्या हातानं घरी येतो, हे सांगून भागत नाही, गोंगाटाचे, मारामारीचे पुरावे लागतात. आपल्याकडं बाईला कारण विचारलंच जात नाही. तिनं पडद्याआड जायचं, शिक्का मारायचा, बाहेर यायचं. या एका गोष्टीसाठी मला आपला कायदा मोठा वाटतो.

(दृश्य: शहरातली नवी सोसायटी, खाली गाळे, एका गाळ्यावर रंगकाम चालू.)

समजा बाटली आडवी झाली. पुढं काय? महाराष्ट्रात वाईन शॉप आणि देशीच्या दुकानांची नवी लायसन देणं सत्तरच्या दशकापासनं थांबवलेलं आहे, पन्नास वर्षं झाली. त्यामुळं जी जुनी लायसन आहेत त्यांना सोन्याची किंमत. मालक ते सहजासहजी सोडत नाही, दुकान दुसरीकडं हलवायला परवानगी मागतो. लायसन एका तालुक्यातनं दुसऱ्या तालुक्यात, गावातनं शहरात, असं फिरत राहतं. म्हणूनच पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी सोसायटीच्या खालच्या गाळ्यात रातोरात दुकान येतं आणि वरच्या मजल्यावरच्यांना बोर्ड लागल्यावर कळतं. मार्च 2025 मध्ये हा विषय विधानसभेत आला आणि तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी सांगितलं की सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. चांगलं झालं. पण त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील या अंदाजानं. ज्या खात्याला एवढा पैसा गोळा करायचाय त्याच खात्याकडं आमच्या बायका निवेदन घेऊन जातात, हे मला पहिल्यापासनं टोचतं.

लोक म्हणतात दुकान बंद केलं तर हातभट्टी वाढेल. या म्हणण्यात तथ्य आहे, मी झटकून टाकणार नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारू पिऊन 100 हून जास्त माणसं गेली, आणि मुंबईत काही दारूबंदी नव्हती. स्वस्त आणि विषारी दारू दुकान चालू असताना पण येते आणि बंद असताना पण येते, ती पकडणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दल आणलं, गावातल्याच लोकांचं, अवैध दारूची खबर द्यायला. आमच्या गावात ते आजपर्यंत झालेलं नाही.

चंद्रपूरचं उदाहरण पण लगेच देतात. तिथं 2010 च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर चालत गेल्या होत्या, 1 एप्रिल 2015 ला जिल्ह्यात बंदी आली आणि 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं ती उठवली. ते अख्ख्या जिल्ह्याचं होतं, वरनं दिलं, वरनं काढलं. गावानं आपल्या एका दुकानाबद्दल मत देणं ही गोष्टच वेगळी आहे.

(संध्याकाळ. आमची ओसरी. सात-आठ बायका, मधे मतदार यादीची झेरॉक्स.)

मतदान फसलं की लगेच दुसरं मागता येत नाही, मध्ये काळ जाऊ द्यावा लागतो. यावेळी आईनं सह्यांपासनं सुरुवातच केली नाही. तालुक्याहून यादी आणली, दर गुरुवारी बायका जमतात आणि एकेक नाव वाचतात. जी वारली तिच्यासाठी फॉर्म 7. जी सासरी गेली तिला फोन, तिकडं फॉर्म 8 भर म्हणून. जी सून नवीन आली आणि नाव कुठंच नाही तिला फॉर्म 6. ऊसतोडीच्या बायका पाडव्यानंतर परत येतात, म्हणून तारीख त्याच्या पुढची मागायची असं ठरलंय.

परवाच्या गुरुवारी मी पण बसले होते. एक नाव वाचलं आणि सगळ्या गप्प झाल्या. विहिरीवर रडलेली आमच्या शेजारची ती वहिनी. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आईनं पेन उघडलं, फॉर्मवर तिचं पूर्ण नाव लिहिलं, मग थांबून मला म्हणाली, बघ गं, हिचं मत अजून त्यांच्याच बाजूला पडत होतं.