पितळी मूठ, लोखंडी खिडकी

(दृश्य: दादर-माटुंग्यातल्या जुन्या इमारतींचे दर्शनी भाग. कॅमेरा एकेका मजल्यावरून वर सरकतो.)

दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सचा परिसर. इथल्या जुन्या इमारतींकडे रस्त्यावरून मान वर करून पाहा. कुठल्या घराने मूळची खिडकी राखली आणि कुठल्या घराने ती उपटून काढली, हे लगेच कळतं. मूळ खिडकीची चौकट बारीक, लोखंडी. झडपा बाहेर उघडणाऱ्या. नव्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या.

खिडकी का काढली, असं विचारलं की घरोघरी साधारण एकच कहाणी ऐकू येते. हँडल लागत नव्हतं. पावसात झडप आपटायची, काच फुटायची. सुताराला बोलावलं तर तो म्हणाला, हे आता मिळत नाही. म्हणजे बिघडला होता मुठीएवढा एक पितळी भाग, आणि त्याच्यापायी अख्खी खिडकी गेली. हा माहितीपट त्या मुठीएवढ्या भागाबद्दल आहे.

(दृश्य: कॉलनीचा जुना नकाशा, रुंद रस्ते, झाडं.)

या वस्तीत खिडकीला एवढं महत्त्व का, ते आधी सांगायला हवं. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांनी भरलेल्या वस्त्यांमध्ये माणसं मेली. त्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याची ही आखणी त्या ट्रस्टची. घरात उजेड यावा, वारा खेळावा यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला होता. साध्या भाषेत सांगायचं तर, इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा खिडकीसमोर मोकळी हवी. पुढे तीस-चाळीसच्या दशकांत इथे आर्ट डेको शैलीची घरं उभी राहिली, आणि त्या मोकळ्या जागेकडे लोखंडी चौकटींच्या झडपा उघडू लागल्या.

दोन पाखांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, कारण एक पाख कायम दुसऱ्याच्या मागे उभी असते. झडपेची खिडकी जवळपास सगळी उघडते. मे महिन्यातल्या दुपारी हा फरक अंगाला कळतो. म्हणून मूठ बदलायची की खिडकी, हा निर्णय घाईने घेऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: हँडलचं जवळून चित्रण. हात ते सावकाश फिरवतो.)

आता ही मूठ काम कशी करते ते पाहू. झडपेवर एक पितळी बैठक असते, दोन स्क्रूंनी बसवलेली. तिच्यात हँडल एका खिळीवर फिरतं. हँडलच्या पुढे आलेल्या टोकाला आपण चोच म्हणू. ती चोच चौकटीवरच्या पितळी पट्टीमागे जाते. नीट पाहिलं तर चोच उतरती घडवलेली दिसेल. हँडल जसं खाली दाबावं तशी ती पट्टीमागे पाचरीसारखी रुतते आणि झडपेला चौकटीकडे ओढून घेते. पाऊस अडतो तो या ओढीमुळे. काही हँडलांच्या चोचीला दोन खाचा असतात. दुसऱ्या खाचेत अडकवलं की झडप बोटभर उघडी राहते आणि तरीही हलत नाही. रात्री थोडा वारा हवा असेल तर याच्यासारखी सोय नाही.

पितळ लोखंडापेक्षा मऊ. रोजच्या उघडझाकीत चोच आणि पट्टी एकमेकींवर घासतात, झिजतात. घडवणाऱ्यांचा हिशेब असा की झीज व्हायची ती बदलता येणाऱ्या भागाची व्हावी, चौकटीची होऊ नये. खिळीखालची स्प्रिंगची चकतीही कालांतराने सैल पडते. मग हँडल स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं. तेव्हा हँडल लागत नाही म्हणजे नेमकं काय झालंय, हे आधी शोधा. चकती गेली असेल तर ती बदलून भागतं. पट्टी झिजली असेल तर नुसती पट्टी. चोचच बोथट झाली असेल, तरच नवीन हँडल.

आणि एक चौथी शक्यता असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. झडप आणि चौकट यांच्या फटीत गंज आणि रंगाचे थरावर थर साचतात, झडप पूर्ण मिटत नाही, आणि चोच पट्टीपर्यंत पोचत नाही. दोष हँडलच्या माथी येतो. अशा खिडकीला नवं हँडल बसवलं तर लोक ते जोर लावून दाबतात, आणि तेही मोडतं.

(दृश्य: ओला पॉलिश पेपर, फरशीवर पसरलेला कागद, तोंडावर मास्क.)

रंग काढताना मात्र सांभाळा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नसावं हा नियम आपल्याकडे लागू झाला तो 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचे थर कोरडे घासू नका, आगीच्या झोताने तापवू नका. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, पोरांना त्या खोलीत फिरकू देऊ नका, आणि निघालेला लगदा कागदात गुंडाळून उचला.

हँडल काढण्याआधी झडप आतल्या ग्रिलला दोरीने बांधून घ्या. तिसऱ्या मजल्यावर वाऱ्याचा एक झोत पुरतो. मग स्क्रूच्या खाचेतला रंग टोकदार हत्याराने कोरून काढा. तो तसाच ठेवून स्क्रूड्रायव्हर लावला की खाच फाटते आणि पुढचं सगळं काम अवघड होतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. सकाळी खाचेत घट्ट बसेल असा रुंद स्क्रूड्रायव्हर लावून वरून हातोडीचा हलका ठोका द्या, आधी किंचित घट्ट करून बघा, मग उलटा फिरवा.

(दृश्य: नागदेवी स्ट्रीट, दुकानांच्या फळ्यांवर मांडलेला माल.)

जुनं हँडल खिशात घेऊनच बाजारात जा. मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. नागदेवी, लोहार चाळ इथे चौकशी करा. चोर बाजारात तोडलेल्या इमारतींमधला माल येतो, तिथे अगदी जुळणारा तुकडा मिळू शकतो. घेताना चार गोष्टी ताडून पाहा: दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, बैठकीपासून चोचीची उंची, चोच किती पुढे येते ते, आणि हँडल डावं आहे की उजवं. ही शेवटची गोष्ट हटकून विसरली जाते. डाव्या झडपेचं हँडल उजवीला लागत नाही.

भाव कमी सांगितला तर धातू तपासा. पितळेसारखी दिसणारी पुष्कळ हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वरून सोनेरी मुलामा. ती हातात हलकी लागतात. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीने एक ओरखडा काढा: आतही पिवळं असेल तर पितळ, करडं निघालं तर जस्त. लोहचुंबकाने फक्त मुलामा दिलेलं लोखंड पकडता येतं, जस्त त्यातून निसटतं. कपाटाला जस्ताचं हँडल चालेल. ज्या खिडकीवर दरवर्षी समुद्राकडून पाऊस कोसळतो, तिला ते लावू नये. ते आधी वाकून सूचना देत नाही, एकदम तुटतं.

जुळणारं मिळालंच नाही तर? पितळेचं ओतकाम करणाऱ्याकडे जुन्यावरून साचा घेऊन नवं ओतवता येतं. नुसती चोच झिजली असेल तर त्याहून सोपा उपाय आहे: झिजल्या जागी डाग देऊन पितळेची भर घालायची आणि कानशीने पुन्हा उतार द्यायचा. कसबी माणसाला हे अवघड नाही. सुरुवात इथूनच करावी, असं आमचं मत आहे.

(दृश्य: दोन स्क्रू शेजारी शेजारी, भिंगाखाली.)

आता स्क्रू. इथे मोठा घोळ होतो. लाकडी खिडकीत स्क्रू लाकडाला धरतो. लोखंडी खिडकीत चौकटीलाच आटे पाडलेले असतात, आणि त्या काळातले आटे इंची. 3/16 इंची स्क्रू म्हणजे 4.76 मिलिमीटर. आजचा 5 मिलिमीटरचा स्क्रू डोळ्यांना तसाच दिसतो, पण जुन्या व्हिटवर्थ, म्हणजे त्या इंची मापाच्या, स्क्रूला इंचामागे 24 आटे, तर नव्याला जवळजवळ 32. जोर करून पिळला तर दोन फेरे जातो, मग अडकतो, आणि चौकटीतले आटे खाऊन टाकतो. म्हणून जुने स्क्रू जपून ठेवा, तेच परत वापरा. आटे आधीच गेले असतील तर टॅप नावाच्या आटे पाडायच्या हत्याराने नवे, मोठे आटे पाडून घ्या. नव्या स्क्रूला बसवण्याआधी थोडं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी तो बिनबोभाट निघेल.

खालची भोकांची पट्टी आणि खुंटी, जिच्यावर उघडी झडप अडकवतो, तीही हँडलबरोबर तपासा. खुंटी झिजली की पट्टी उसळून सुटते. पावसाळ्यात झडपा आपटतात त्या यामुळे. बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल द्या. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं.

(दृश्य: कागदाची पट्टी झडपेच्या फटीत.)

सगळं बसवून झालं की वर्तमानपत्राची एक पट्टी फटीत धरून झडप लावा आणि पट्टी ओढा. कागद फाटला किंवा अडकला तर ओढ बरोबर आहे. सहज सरकून आला, तर चौकटीवरच्या पट्टीखाली पितळेचा पातळ पत्रा घालून ती थोडी उचला आणि परत पाहा. हे चारही बाजूंना करा. बिजागरीकडच्या बाजूला कागद सुटत असेल तर खोट हँडलची नाही, त्या बाजूचा गंज साफ करायचा राहिला आहे.

काढलेलं हँडल भंगारात देऊ नका. पिशवीत घालून वर लिहून ठेवा: कुठली खोली, कितवी झडप, डावं की उजवं. घरातल्या बाकीच्या खिडक्यांची हँडलंही त्याच वयाची आहेत. उद्या त्यातलं एखादं गेलं, तर ओतारी सगळ्यात आधी नमुना मागेल.