टॉवेलच्या खोक्यातले बिननावी प्रश्न

(दृश्य: पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना. मागांचा आवाज आधी पूर्ण, मग निवेदनाखाली.)

सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं बालपण गेलं, त्याला हा खडखडाट ऐकू येत नाही. माग बंद पडला तरच तो मान वर करतो. इथे टॉवेल विणले जातात, मोजले जातात, खोक्यांत भरले जातात. अशा खोक्यांपैकी एक, थोडा फाटका म्हणून बाजूला पडलेला, इथे काम करणाऱ्या एका कामगाराच्या मुलानं कॉलेजात नेला. वरच्या बाजूला ब्लेडनं फट पाडली आणि तो कॉम्प्युटर लॅबच्या दारापाशी ठेवून दिला.

(दृश्य: लॅब. शनिवार दुपार. मुलं खुर्च्या ओढत बसतायत.)

हा विद्यार्थ्यांचा कॉम्प्युटर क्लब. दर शनिवारी भरतो. समोर बसलेली मुलं भराभर बोलतात, बहुतेक इंग्रजीत. मागच्या बाकांवर घरी तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडून एसटीनं येणारी, कन्नड वळणाची मराठी असलेली मुलं. सर विचारतात, “कुणाला काही शंका?” सगळे वहीत बघतात.

आता खोका उघडताना बघा.

(दृश्य: टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग. एकेक चिठ्ठी जवळून.)

“पॉइंटर म्हणजे नेमकं काय? तिसऱ्यांदा विचारतोय.” “गिट आणि गिटहब एकच आहे का?” “लॅपटॉप नाही, प्रॅक्टिस कुठं करायची?” “सर लै फास्ट शिकवतात.” नाव लिहायचं नाही म्हटल्यावर एवढे प्रश्न निघाले. क्लबात प्रश्नांचा दुष्काळ कधी नव्हताच.

पण कॉम्प्युटरवाल्या पोरांना कागदावर समाधान कसं वाटेल? त्यांनी आधी एक प्रोग्राम लिहिला होता. प्रश्न टाइप करायचा, रोल नंबर द्यायचा. प्रोग्राम नंबरावर हॅशिंग करणार आणि नंबराच्या जागी 64 अक्षरांची एक खूण ठेवणार. या खुणेवरून नंबर उलटा काढता येत नाही, असं पुस्तकात आहे आणि ते खरंही आहे.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. ओळी सरकतायत. नावं धूसर केलेली.)

पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, “दादा, उलटं काढायचंच कशाला?” कॉलेजातले रोल नंबर मोजून काही हजार. सगळ्यांच्या खुणा आधीच काढून ठेवायच्या आणि जुळवायच्या. पडद्यावर दिसतंय ते तेच. तिनं एंटर दाबलं, आणि पाणी प्यायला बाटली उघडेपर्यंत कुणी काय विचारलं ते नावानिशी समोर. मोबाइल नंबर वापरला असता तरी गोष्ट फार लांबली नसती. दहा आकडे माणसाला मोठे वाटतात, मशीनला नाहीत.

मग सिनिअर म्हणाले, आत एक गुपित शब्द मिसळू. त्याला ‘पेपर’ म्हणतात, म्हणजे मिरी. उपाय चांगला आहे, पण तो शब्द ज्याच्याकडे त्याला सगळ्यांची नावं कळणार. “म्हणजे तुझ्याकडेच ना बे?” मागून कुणीतरी विचारलं. त्या हशात प्रोग्राम बुडाला आणि क्लब कागदावर परतला.

(दृश्य: दोघं जण चिठ्ठ्या टाइप करतायत.)

कागदालाही डोळे असतात. हस्ताक्षर ओळखू येतं. म्हणून एक मुलगा आणि एक मुलगी मिळून सगळ्या चिठ्ठ्या टाइप करतात, आणि शनिवार संपताना मूळ कागद फाडले जातात. शुद्धलेखन सुधारायचं, शब्द बदलायचे नाहीत असं ठरलंय. त्यावरही वाद झाला, कारण बोलीवरून गाव कळतं. ‘लै’चं ‘खूप’ करावं का? ठेवलं ‘लै’च. सोलापुरात ‘लै’ म्हणणारा एकटा कसा सापडेल! लॅपटॉप नसल्याची चिठ्ठी मात्र अवघड होती. वर्गात लॅपटॉप नसलेले किती ते सगळ्यांना माहीत आहे. नाव झाकलं तरी मजकूर बोलतो.

आता वाईट चिठ्ठ्यांचं. सुरुवातीला खोक्यातलं सगळंच क्लबासमोर मोठ्यानं वाचलं जायचं. एकदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीबद्दल गलिच्छ काहीतरी आलं आणि तेही वाचलं गेलं. ती क्लबात येईनाशी झाली. कॅमेऱ्यासमोर बोलायला तिनं नकार दिला.

(दृश्य: फळा. खडूनं लिहिलेले, खोडलेले नियम.)

त्यानंतर पहिला नियम आला: “आक्षेपार्ह चिठ्ठी वाचली जाणार नाही.” सरांनी खडू उचलला आणि ‘आक्षेपार्ह’भोवती गोल काढला. हे कोण ठरवणार? त्यांनी पालघरची गोष्ट सांगितली. 2012 साली तिथं फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं, ते त्यातले शब्द इतके ढिले होते म्हणून की कुणालाही त्यात बसवता यावं. बसलेली बहुतेक मुलं तेव्हा अजून लहान होती.

नियम पुन्हा लिहिला गेला. कुणाचं शरीर, जात, धर्म, खासगी आयुष्य यावर शेरा, धमकी, कुणाचा फोन किंवा पत्ता, फुटलेला पेपर. हे असेल तर चिठ्ठी बाद. बाकी कितीही कडू असली तरी वाचायची.

(दृश्य: विड्या वळणारे हात. पानं, तंबाखू, दोरा. बंडलं.)

हे हात आहेत मघाच्या त्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या आईचे. संध्याकाळी विड्या कारखान्यात जातात, चेकर त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतो. छाटलेल्या विडीची मजुरी हा सोलापुरात जुना तंटा. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यात त्या तंट्याच्या निवाड्याची तरतूदच होती. मुलगी क्लबात उभी राहून म्हणाली, “छाटायचं तर का छाटलं ते सांगायला पाहिजे. नाहीतर चेकर म्हणेल तेच खरं.”

प्रश्न रास्त होता. पण ज्याचं नाव माहीत नाही त्याला कारण सांगायचं कसं?

(दृश्य: पावती पुस्तक. चिठ्ठीचे दोन भाग फाटताना.)

उत्तर स्टेशनरीच्या दुकानात मिळालं. वर्गणीची असतात तशी नंबर छापलेली पावती पुस्तकं. अर्ध्या भागावर प्रश्न लिहून खोक्यात टाकायचा, नंबर असलेला दुसरा भाग स्वतःकडे ठेवायचा. पुस्तक लॅबमध्ये उघडं पडलेलं असतं, कोणती पावती कोणी फाडली याची नोंद कुठेच नाही. बाद चिठ्ठीचा नंबर आणि बाद होण्याचं कारण शनिवारी फळ्यावर येतं. पटलं नाही तर तोच नंबर घालून पुन्हा चिठ्ठी टाकायची. मग टाइप न करणारे तिघे ती तपासतात. ‘दादा, तुमचं चुकलं’ असं तोंडावर न सांगता सांगायची सोय झाली. चित्रीकरणाच्या दिवशी असं एक अपील मंजूर होताना आम्हाला मिळालं. सिनिअरचा चेहरा बघा.

रॅगिंगची चिठ्ठी या रांगेत येतच नाही. ती वाचत नाहीत, फाडतही नाहीत. बंद पाकिटात कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीकडे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार अशी समिती प्रत्येक कॉलेजात असावीच लागते. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असलेली चिठ्ठी आली तर लिहिणाऱ्यापर्यंत पोचायचा रस्ता नाही. बिननावीपणाची ही किंमत आहे, आणि ती क्लबनं मान्य केलीय. खोक्याच्या बाजूला मार्करनं सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहिलाय: टेलि-मानस, 14416.

(दृश्य: फळा. पाचवा नियम, पुढे प्रश्नचिन्ह.)

पाचवा नियम अजून अर्धा आहे. शिक्षकावर टीका करताना त्यांचं नाव घ्यावं का? लिहिणारा झाकलेला आणि ज्याच्यावर लिहिलं तो उघडा, हे काहींना खटकतं. काहींचं म्हणणं, नाव गाळलं तर टीका कुणाला लागणार? ‘लै फास्ट’ शिकवणारे सर मागे उभे राहून ऐकत होते, मध्ये बोलले नाहीत. शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. ते हात वर करून घ्यायचं की चिठ्ठ्या टाकून, यावरच पुढचा अर्धा तास गेला.