तुमची कितवी किमो?

परळ, सकाळचे सात. टाटा मेमोरियल रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर काखेत फायली धरून माणसं उभी आहेत. 1941 साली सुरू झालेल्या या कॅन्सरच्या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. आत डॉक्टरांपुढे बसलं की विचारायचं अर्धं आठवतच नाही. ते आठवतं बाहेर, चहाच्या टपरीपाशी.

"ताई, तुमची कितवी किमो?" ओळख इथून सुरू होते. मग तोंड आलं का, जेवण जातं का, केस कधी गळले.

किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशाच, पण केसांच्या मुळाशी, तोंडात, आतड्यात, हाडांतल्या मगजातही पेशी भराभर वाढत असतात. त्यांनाही मार बसतो. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध चढवल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी माहीत नसेल तर रक्तच गेलं असं वाटून माणूस हादरतो. शेजारची बाई म्हणते, "अहो, मलाही झालं होतं," आणि त्याच्या जिवात जीव येतो. हा धीर कुठल्याही छापील कागदातून मिळत नाही.

पण टपरीवर दुसरंही कानावर येतं. व्हिन्क्रिस्टिन हे किमोचं औषध अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं, हे खरंच आहे. तेवढ्यावरून कुणी सदाफुलीची पानं वाटून प्यायला सांगतं. झाड विषारी आहे. वाटीभर रसातून पोटात किती काय गेलं, याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

आणि केसांचं सगळे विचारतात, तापाचं फार थोडे. केस बहुतेकांचे परत येतात. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. संसर्ग काही तासांत जिवावर बेततो.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, संध्याकाळ. सासूच्या उशाशी बसलेली सून थर्मामीटर दिव्याकडे धरून बघते. मुलाच्या शाळेच्या वहीत लिहिते: नववा दिवस, 99.2. खाली डॉक्टरांना विचारायचा प्रश्न: आईंना ताक चालेल का?