मेडिक्लेमच्या फॉर्मवर मनाचा आजार लपवू नका

नमस्कार मंडळी. "घरात डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, मेडिक्लेम मिळेल का?" हा प्रश्न सांगली-मिरजेत काय किंवा सातारा-कराडात काय, चारचौघांत कुणी विचारत नाही. म्हणून आज मी तो कॅमेऱ्यासमोर घेतेय. उत्तर आहे, हो, मिळतो. पण मधे एक कागद येतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

आधी कायदा सांगते. २०१७ साली आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या एकविसाव्या कलमात लिहिलंय की शरीराच्या आजाराला ज्या अटींवर विमा मिळतो, त्याच अटींवर मनाच्या आजारालाही विमा कंपनीनं दिला पाहिजे. तरीही कंपन्या चालढकल करत राहिल्या. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका पेशंटच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं, की कायदा लागू झाल्यावर मानसिक आजार पॉलिसीतून वगळता येणार नाही. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, महिनाअखेरची मुदत देऊन सगळ्या पॉलिसींमध्ये मानसिक आजार घ्यायला लावला. त्यामुळं आज कुणी एजंट म्हणाला, "डोक्याचे आजार यात बसत नाहीत", तर त्याला म्हणा, पॉलिसीतलं ते कलम बोट ठेवून दाखवा.

आता तो कागद. प्रपोजल फॉर्म. पॉलिसी घेताना भरतो तो.

आपल्याकडं एजंट म्हणजे कोण? मावसभाऊ, गल्लीतले काका, नाहीतर पतसंस्थेतला ओळखीचा माणूस. फॉर्म तोच भरतो, आपण सही करतो. त्यात विचारलेलं असतं की आधीचा काही आजार आहे का, काही औषधं चालू आहेत का. बीपी सांगतो, शुगर सांगतो. पण बायकोला बाळंतपणानंतर दोन वर्षं मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, हे त्या मावसभावासमोर कसं सांगायचं? उद्या सगळ्या भावकीत होईल. मग तिथं "नाही" वर टिक होते.

ही भीती मला कळते. ती खोटी नाही. पण त्या एका टिकची किंमत फार मोठी आहे. पुढं ॲडमिट करायची वेळ आली की कंपनी जुने केसपेपर मागते. डॉक्टर पेशंटची हिस्टरी लिहिताना "दोन वर्षांपासून उपचार चालू" असं लिहिणारच, कारण ते खरं आहे. कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारते. पॉलिसीसुद्धा रद्द करू शकते. म्हणजे उद्या हार्टचं ऑपरेशन निघालं तरी हातात काही नाही.

आणि खरं लिहिलं तर काय होतं? पॉलिसी घेण्याआधीच्या तीन वर्षांत निदान किंवा उपचार झालेला आजार "आधीचा आजार" म्हणून धरतात. त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. पूर्वी हे ४८ महिने होतं, २०२४ मध्ये कमी केलं. थांबणं सोपं नाही, मान्य. प्रीमियम वाढवून मागतील, काही कंपन्या नकारही देतील. पण त्या ३६ महिन्यांनंतरचा क्लेम तुमच्या हक्काचा असतो. शिवाय मानसिक आजार असलेल्यांसाठी प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी पॉलिसी ठेवावी, असं आयआरडीएआयनं फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलंय. एकानं नाही म्हटलं तर दुसरीकडं विचारा.

मावसभावासमोर बोलायचं नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः फॉर्म भरा, किंवा पुण्याकोल्हापूरच्या शाखेतून घ्या. पॉलिसी हातात आली की त्याला जोडलेली फॉर्मची प्रत वाचा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. न पटल्यास पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात.

कुणी सांगेल, "पाच वर्षं झाली की कंपनी काही विचारू शकत नाही, तोवर गप्प बसा." सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर माहिती दिली नाही म्हणून क्लेम अडवता येत नाही, हे बरोबर. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण जातं. या भरवशावर खोटं लिहू नका.

असंच दुसरं खोटं डिस्चार्ज कार्डावर लिहायला लावतात. "डॉक्टर, मुलीचं लग्न व्हायचंय, अशक्तपणा लिहा ना." अशक्तपणासाठी आठ दिवस ॲडमिट? टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा, डॉक्टर तिथंच पेन थांबवणार. निदान आहे तेच लिहू द्या. उपचारांची माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर आणि हॉस्पिटल २०१७ च्या त्याच कायद्यानं बांधलेले आहेत.

आता पैसे कशाचे मिळतात ते. साध्या मेडिक्लेममध्ये किमान २४ तास ॲडमिट असावं लागतं. दर आठवड्याचं समुपदेशन, महिन्याच्या गोळ्या, तपासणीची फी हे ओपीडीत येतं आणि ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर मिळत नाही. मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण मनाचे बहुतेक उपचार ॲडमिट न होताच चालतात. कुपवाड किंवा शिरवळच्या एमआयडीसीत नोकरी असेल, तर एचआरला कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी आहे का विचारा. ग्रुप पॉलिसीत आधीच्या आजाराचं थांबणंही बऱ्याचदा माफ असतं.

दारू आणि इतर व्यसनांचे उपचार मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात आणि नियमानं तसं वगळायला परवानगी आहे. दारू-ड्रग्जमुळं होणारे मानसिक आजार २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत आहेत, तरी विम्यात ही फट राहिली. ती बुजायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर घरच्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात पैसे भरण्याआधी पॉलिसीतलं ते कलम वाचावं.

हॉस्पिटल निवडताना एक बघा. आपल्याएवढ्या शहरात, म्हणजे दहा लाखांखाली वस्ती असेल तर, स्थानिक यंत्रणेकडं नोंदणी नसलेल्या हॉस्पिटलला किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर अशा अटी असतात. मानसिक उपचारांच्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची वेगळी नोंदणीही लागते. नोंदणी क्रमांक आधीच मागून घ्या. कॅशलेस असेल तर कंपनीनं तासाभरात मंजुरीचा निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम उत्तर द्यायचं असतं.

क्लेम नाकारला, तर तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी घ्या. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवरही तक्रार टाका. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. सातारा-सांगलीसाठी त्याचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

पॉलिसीच नसेल, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. आणि घरात कुणी आज, आत्ता, जगावंसं वाटत नाही असं म्हणत असेल, तर कागदं बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. दिवसरात्र चालू असते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.