डासांची रॅकेट आणि टाइप-सी

नमस्कार मंडळी. सुरुवात आमच्या आईच्या रॅकेटपासून करतो. बॅडमिंटनची नव्हे, डास मारायची. जुन्या रॅकेटच्या बुडातून दोन पिना बाहेर यायच्या आणि ती थेट भिंतीवरच्या प्लगात खोचायची. गेल्या दिवाळीत नवी आणली, तिला टाइप-सी, म्हणजे हल्लीच्या फोनांना असतं ते छोटं लांबट भोक. आई खूश, आता माझ्या फोनचा चार्जर तिला चालणार. रात्रभर लावून ठेवली. सकाळी बघतो तर ढिम्म. केबल बदलली, तरी नाही. मग आईनं कपाटातून एक जुनापुराणा चार्जर काढला, रुंद चपट्या तोंडाचा. त्याला केबल जोडली आणि रॅकेटवरचा लाल दिवा लागला. "तुझ्या नव्यापेक्षा माझा जुनाच बरा," म्हणाली. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, हे इथं सांगायला हवं.

रॅकेट उघडली. टाइप-सीच्या पूर्ण सॉकेटात २४ पिना असतात, वर १२ आणि खाली १२, म्हणून केबल कशीही घातली तरी चालते. त्यातल्या दोन पिना फक्त बोलणी करायला. त्यांना सीसी म्हणतात. नव्या चार्जरचं सी-तोंड आपण होऊन वीज सोडत नाही, पलीकडे कोणी आहे का ते आधी चाचपतं. उपकरणात त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेपर्यंत, ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडथळा करणारा भाग) सापडला, की मगच पाच व्होल्ट सुरू. आमच्या रॅकेटीत तो रेझिस्टरच नव्हता. मोहरीएवढा भाग, किंमत काही पैसे, तेवढेही वाचवलेले. जुना चार्जर असली चौकशी करत नाही. त्याच्या तोंडाशी पाच व्होल्ट कायम हजर.

आणि हे स्वस्त मालातच होतं असं नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आला, त्यातही दोन्ही सीसी पिनांना प्रत्येकी एक हवा असताना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. साध्या केबलवर तो चालायचा. आत चिप असलेली भारी केबल लावली, की चार्जरला वाटायचं हे हेडफोनचं जोडणं आहे, आणि तो गप्प बसायचा. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं.

तुमच्यापैकी चाळिशीपुढच्यांना लग्नघरातला तो प्रश्न आठवत असेल, "नोकियाचा बारीक पिनचा चार्जर आहे का कुणाकडे?" जाड पिनवाले वेगळे, बारीक पिनवाले वेगळे. बाकी कंपन्यांचे तर विचारूच नका. त्यावर आपल्या बाजारानं काढलेला तोडगा म्हणजे चिमट्याचा चार्जर. फोनची बॅटरी काढायची, तिच्या पत्र्यांवर दोन तारा सरकवून बसवायच्या, वर रंगीबेरंगी दिवे लुकलुकायचे. खरा सार्वत्रिक चार्जर तोच होता! फक्त तोवर फोन बंद.

सरकारी पातळीवर पहिलं ठोस पाऊल चीननं टाकलं, २००६ मध्ये. त्यांनी फोनकडचं टोक सोडून दिलं आणि चार्जरकडचं बांधलं, तिथं यूएसबीचं रुंद तोंड हवं म्हणून. मला ही युक्ती फार आवडते. त्या काळी चार्जरची वायर बहुतेक त्याला कायमचीच चिकटलेली असे. ती सुटी झाली, की फोन बदलला तरी ठोकळा तोच ठेवता येतो.

युरोपनं २००९ मध्ये फोनकडचं टोक धरलं. कंपन्यांनी स्वेच्छेनं मायक्रो-यूएसबी मान्य केली, पण अडॅप्टर दिला तरी चालेल अशी पळवाट ठेवून. ॲपलनं ती वापरली आणि २०१२ मध्ये स्वतःचं लाइटनिंग आणलं. युरोपीय आयोगाच्या अंदाजानं टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेत मतदान झालं, ६०२ बाजूनं, १३ विरुद्ध. २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना टाइप-सी सक्तीचं झालं. लॅपटॉपना मुदत २८ एप्रिल २०२६. आयफोन मात्र मुदतीच्या वर्षभर आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये सी-वर आला.

ॲपलचा आक्षेप होता की सक्तीनं नवं शोधणं थांबेल. मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. २००९ मध्ये स्वेच्छेऐवजी सक्ती असती, तर आपण अंधारात ती मायक्रो पिन उलटी-सुलटी करत बसलो असतो. युरोपच्या कायद्यात तंत्र बदललं तर नियम सुधारण्याची सोय आहे, ती किती चपळाईनं वापरतात ते बघायचं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं उत्पादकांशी बोलून टाइप-सीवर सहमती घडवली, आणि भारतीय मानक ब्यूरोनं मानकही काढलं.

आता मला ज्यात खरी गोम वाटते ते. भोक सारखं झाल्यावर दुकानदार म्हणतो, "कुठलीही केबल घ्या, सगळ्या सारख्याच." अजिबात नाही. साधी सी-टू-सी केबल तीन अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायचं तर केबलच्या टोकात चिप लागते, "मी पाच अँपिअर पेलते" असं चार्जरला सांगणारी. अशा केबली १०० वॉटच्या, आणि २०२१ नंतरच्या नियमांनुसार २४० वॉटच्याही असतात. बाहेरून सगळ्या जुळ्या बहिणी. शिवाय जलद चार्जिंगच्या कंपन्यांच्या आपापल्या बोली आहेतच. म्हणून युरोपनं फोनच्या भोकाशीच न थांबता अशी अट घातली, की जलद चार्जिंग देणाऱ्या उपकरणाला पॉवर डिलिव्हरी ही सामाईक भाषाही आली पाहिजे. स्वतःची बोली वर खुशाल ठेवा. मला विचाराल तर सगळ्या कायद्यात हे कलम सर्वांत शहाणं. वर्तमानपत्रांत त्यावर जेमतेम एखादी ओळ आली.

मागच्या रांगेतल्या ताई विचारतायत, रॅकेटचं पुढं काय झालं? डास मारायची रॅकेट युरोपच्या यादीत नाही. मी तिच्यात दोन रेझिस्टर डकवायला निघालो होतो. आईनं हातातून काढून घेतली. म्हणाली, "चालतेय ना जुन्यावर? मग राहू दे."