पाव मैलाची चिठ्ठी

(एडिसन, न्यू जर्सी येथे मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘महाराष्ट्राने ड्रॅग रेसिंगकडून काय घ्यावे’ असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. पण येथून जवळच असलेल्या एका सरळ डांबरी पट्ट्याबद्दल आधी बोलल्याशिवाय माझ्या मांडणीला पाया मिळणार नाही. इंग्लिशटाऊनच्या रेसवे पार्कचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मॅनलपन किंवा ओल्ड ब्रिजला घर घेतलेल्यांनी तर उन्हाळ्यातल्या रविवारी त्याचा आवाज अंगणात बसून ऐकलेला आहे. १९६५ साली सुरू झालेल्या या पट्ट्यावर १९७१पासून वर्षानुवर्षे राष्ट्रीय पातळीच्या शर्यती भरत आल्या. तेथील ड्रॅग रेसिंग बंद झाल्याचे जानेवारी २०१८मध्ये जाहीर झाले, तेव्हा हिवाळा होता, माझी गाडी गराजमध्ये झाकून ठेवलेली होती, आणि वसंतात करायच्या कामांची यादी भिंतीवर लावलेली होती. ती यादी मी अजून काढलेली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात, आणि १३२० फूट म्हणजे पाव मैल अंतर सरळ रेषेत जो नियमाने आधी पार करील तो जिंकतो. यात वळण नाही, की दुसऱ्याला आडवे जाणे नाही. शर्यत संपल्यावर परतीच्या वाटेवर एक लहानशी खोली असते, तिच्या खिडकीतून चालकाच्या हाती कागदाची अरुंद चिठ्ठी येते. दिवा हिरवा झाल्यापासून गाडी हलायला किती वेळ लागला, पहिल्या साठ फुटांना किती, ३३० फुटांना किती, अर्ध्या अंतराला किती, आणि शेवटी एकूण वेळ व वेग, असे सगळे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तीवर छापलेले असते. मी आयुष्यभर यंत्रांच्या चाचण्या घेतल्या, अहवाल लिहिले आणि वाचले. पण इतका थोडक्यात आणि इतका निर्भीड अहवाल मला दुसरीकडे कोठे मिळाला नाही.

मी मूळचा पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला, म्हणजे बैलगाड्याच्या मुलखातला. आमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडे एकामागून एक सुटतात, प्रत्येकाची स्वतंत्र बारी असते आणि निकाल लागलेल्या सेकंदांवरून ठरतो. माझे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, यात्रेच्या आदल्या रात्री गोठ्यातच झोपत. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या घाटात लाउडस्पीकरवरून ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठली की ते डोळे मिटून घेत आणि पुकारलेले सेकंद कानांनी ऐकूनच उघडत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लिशटाऊनच्या कठड्याशी मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा मला अमेरिका परकी वाटली नाही, याचे कारण आबांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांत होते.

मला तेथे नेले ते आमच्या टूलरूममधल्या एका सहकाऱ्याने. तो इथल्याच पर्थ अँबॉय गावचा पोर्तो रिकन. त्याच्याकडे जुनी माझदा आरएक्स-३ होती आणि तिच्यात रोटरी इंजिन होते, ज्यात पिस्टन नसून तिकोनी रोटर फिरतो. इंजिनात हवा आत घेणारी भोके तो घरच्या तळघरात स्वतः वाढवीत असे. पत्र्यावर आकार कापून घ्यायचा, झाकणाला निळा मार्किंगचा रंग लावायचा, टोकदार सुईने रेषा ओढायची, आणि हातग्राइंडर त्या रेषेपर्यंत नेऊन नेमका तेथे थांबवायचा. रेषा ओलांडली तर सबंध झाकण भंगारात. काम करताना तो श्वास रोखून धरीत असे आणि मी बॅटरीचा उजेड धरून उभा असे. त्या १.३ लिटरच्या इंजिनाने पाच लिटरच्या व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरच्या, गाड्यांना मागे टाकलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, माझ्याकडे दोन होत्या, आणि इंजिन श्वास कसा घेते हे मला त्याने शिकवले.

येथे मला नायट्रोविषयी बोलायलाच हवे. वरच्या वर्गातल्या टॉप फ्युएल गाड्या पेट्रोलवर नव्हे, तर मुख्यतः नायट्रोमिथेनवर चालतात. या द्रवाच्या रेणूत ऑक्सिजन असतोच, म्हणून पेट्रोलच्या मानाने याला जळायला फार थोडी हवा लागते, आणि तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते. तशी गाडी सुटते तेव्हा आवाज कानांच्या आधी छातीला लागतो आणि धुराने डोळ्यांतून पाणी येते. याच पट्ट्यावर २१ जून २००८ रोजी चालक स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, आणि त्यानंतर सर्वांत वेगवान दोन वर्गांचे अंतर कमी करून १००० फूट करण्यात आले. पाव मैलाची परंपरा मोठी होती, तरी माणसासाठी ती मोडली, याचा मला या खेळाविषयी फार आदर वाटतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. माझ्याजवळ १९८८ची वापरलेली फोर्ड मस्टँग होती, पाच लिटरची. शौकिनांच्या स्पर्धेत प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापील तो आकडा आधीच जाहीर करतो आणि बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहितो. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ संथ गाडी आधी सुटते. पण जो जाहीर केलेल्या आकड्यापेक्षाही वेगाने जाईल तो हरतो. यालाच ब्रेकआउट म्हणतात. ऑक्टोबरचा शनिवार होता. दुपारभर सराव करून मी काचेवर १४.६० लिहिले आणि संध्याकाळी तीन फेऱ्या जिंकलो. चौथ्या फेरीत माझ्यासमोर आली ती एक लाकडी पट्ट्यांची जुनी स्टेशन वॅगन. चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, आणि त्यांच्या काचेवर १७.२० लिहिलेले होते. रांगेत उभे असताना माझा सहकारी खिडकीशी आला, त्याने हात हवेत धरला आणि म्हणाला, ‘हवा बदलली आहे, आकडा बदल.’ सूर्य मावळून तास झाला होता. थंड हवा दाट असते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन अधिक भरतो आणि इंजिनाचा जोर वाढतो, हे मी वर्गात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलेही होते. तरी मी आकडा बदलला नाही, कारण तीन वेळा त्याच आकड्याने मला जिंकवले होते.

बाई २.६० सेकंद आधी सुटल्या. त्यांचे मागचे लाल दिवे लहान होत गेले, मग मोठे होऊ लागले, आणि अंतिम रेषेच्या थोडे आधी मी त्यांना ओलांडले. मी मोठ्याने ओरडलो, मराठीत ओरडलो. मग मान वळवून पाहिले, तर विजयाचा दिवा त्यांच्या बाजूला लागला होता. चिठ्ठीवर माझी वेळ होती १४.५८, म्हणजे दोन शतांश सेकंद जास्त वेगवान. परतीच्या वाटेवर बाईंनी गाडी थांबवून हात हातात घेतला आणि विचारले, तुम्ही शेवटचा आकडा कधी लिहिला? मी सांगितले, दुपारी. त्यांनी मान हलवली. त्या दर फेरीआधी खिडकीबाहेरचा थर्मामीटर पाहून वहीत नोंद करीत होत्या. ती वही त्यांनी मला उघडून दाखवली. प्रत्येक पानावर तारीख, तापमान, टायरमधील हवेचा दाब आणि वेळ, आणि अशा नोंदींनी सबंध वही भरत आली होती.

पाचच मिनिटे उरल्याची खूण संयोजक करीत आहेत, तेव्हा मूळ विषय घाईनेच मांडतो.

पहिला मुद्दा असा की ड्रॅग स्ट्रिप जन्माला आली ती रस्त्यावरच्या शर्यतींवर उपाय म्हणून. कॅलिफोर्नियातली तरुण मुले १९३२च्या फोर्डचे मडगार्ड काढून, व्ही-आठ इंजिनाचा जोर वाढवून कोरड्या तळ्यांवर पळवीत. महायुद्धानंतर या मुलांची संख्या वाढली आणि शर्यती गावातल्या रस्त्यांवर आल्या. १९५०मध्ये सांता ॲना विमानतळावर पैसे घेऊन रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना उभारली. पोलिसांना सोबत घेऊन मुलांना रस्त्यावरून पट्ट्यावर आणणे हेच तिचे काम होते. आपल्या पुण्या-कोल्हापुरात रात्री मोटारसायकली पळवणाऱ्या मुलांना दंड होतो, गाडी जप्त होते, पण ‘येथे ये’ असे सांगायला जागा कोठे आहे? अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. मला हवी आहे ती वर्षाकाठची नव्हे, तर दर आठवड्याची संध्याकाळ, जिथे यामाहा आरएक्स-१००वाला मुलगाही थोडे शुल्क भरून, हेल्मेटची तपासणी करून, चिठ्ठी घेऊन घरी जाईल.

दुसरा मुद्दा काचेवरच्या आकड्याचा. या पद्धतीत श्रीमंताची गाडी आपोआप जिंकत नाही. स्वतःचे यंत्र ज्याला पुरते ठाऊक आहे तो जिंकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या मुलांच्या हाती हे ज्ञान आहेच, त्याला मोजमाप हवे.

तिसरा मुद्दा, बैलगाडा. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आबा त्या मधल्या वर्षांत गेले. नियम बांधून खेळ जगवता येतो हे आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. तेच इंजिनांसाठी करता येईल, एवढेच माझे मागणे आहे.

वेळ संपली. ती ऑक्टोबरची चिठ्ठी मी आणली आहे. पुढच्या रांगेपासून मागे पाठवतो. शाई फिकी झाली आहे, तेव्हा दिव्याखाली जरा तिरकी धरा. डाव्या रकान्यात तळाशी १४.५८ अजून वाचता येते.