दोराच्या दोन टोकांना : शिवसागरातला नीबोर्ड

(बामणोली, सकाळ. पाण्यावर धुकं.)

कोयनेचं बॅकवॉटर, म्हणजेच शिवसागर. धरण काठोकाठ भरलं की 105 टीएमसी पाणी. वारा उठायच्या आत त्यावर सुरकुतीसुद्धा नसते, आणि नीबोर्ड, म्हणजे बोटीमागे दोराने ओढला जाणारा, गुडघ्यांवर बसून चालवायचा बोर्ड, शिकायला असंच पाणी हवं.

(बोर्ड, जवळून.)

लांबी साधारण साडेचार फूट. आत फोम, वर प्लास्टिकचं कवच. मऊ पॅडवर गुडघ्यांसाठी दोन खळगे, मांड्यांवरून घ्यायचा रुंद वेल्क्रोचा पट्टा. आणि पुढच्या टोकाला हा हुक. दोराचं हँडल त्यात अडकवलं की ओढ बोर्डाला बसते, हात मोकळे राहतात. नवख्याला याचा फार मोठा आधार.

सुरुवात पोटावर झोपून. बोट ताशी 8-10 किलोमीटरवर. बोर्ड पाण्यावर सपाट आला की एक गुडघा खळग्यात, मग दुसरा. टाचांवर बसायचं. त्यानंतर पट्टा, आणि शेवटी हँडल हुकातून काढून हातात.

(पाण्यात आपटणारा मुलगा, संथ गतीत.)

वजन पुढे गेलं, बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे घाबरून हँडल छातीशी ओढणं. दोर क्षणभर ढिला पडतो आणि लगेच हिसका बसतो. हात सरळ, हँडल कंबरेशी, पाठ ताठ.

पण बरंचसं पडणं चालकाच्या हातात असतं. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर पट्टीचा पोहणाराही बोर्डावर टिकत नाही. वेग हळूहळू चढवायचा. नवशिक्याला 25 किलोमीटर पुष्कळ झाले.

(बोटीत मागे तोंड करून बसलेला माणूस.)

चालकाची नजर पुढे, याची दोरावर. बोर्डावरच्याच्या खुणा तो चालकाला सांगतो. अंगठा वर, वेग वाढव. अंगठा खाली, कमी कर. गळ्यावरून आडवा हात, थांब. हा माणूस बोटीत नसेल तर दोर पाण्यात सोडूच नये. जागा वाचवायला म्हणून याला काठावर ठेवणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

पट्टा आधी जमिनीवर बांधून, एका हिसक्यात सोडून बघायचा. बोर्ड उलटला तर गुडघे लगेच सुटले पाहिजेत.

उन्हाळ्यात पाणी उतरतं, बुडालेल्या गावांचे चौथरे आणि झाडांची खोडं वर येतात. त्या भागात बोर्ड न्यायचा नाही.

(बोट वळसा घेते.)

पडलेला मुलगा दोन्ही हात डोक्यावर धरतो, म्हणजे ठीक आहे. चालक त्याला आपल्या बाजूला ठेवून सावकाश जवळ येतो. इंजिन बंद. पंखा थांबल्यावरच शिडी खाली.